बऱ्या दिवसांतला इलाज

लिथियमची तीनशे मिलिग्रॅमची गोळी बाजारात दोन-चार रुपयांना मिळते. सरकारी दवाखान्यात शिल्लक असेल तर फुकट. पाऊणशे वर्षं वापरात असलेलं हे औषध आहे. ते आत्महत्येचा धोका कमी करतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तसंच भारत सरकारच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तरीही बायपोलर विकाराचा रुग्ण असलेली कितीतरी घरं काही वर्षांत कर्जाखाली आलेली दिसतात. मग पैसा जातो कुठे? या पुस्तकाची प्रस्तावना याच प्रश्नापासून सुरू करावी असं मला वाटलं. परवडणारी मानसिक आरोग्यसेवा म्हटलं की आपण लगेच गोळीच्या किमतीवर येतो आणि तिथेच थांबतो.

पैसा वाटेवर जातो. तालुक्याच्या टोकाला असलेल्या गावातून पहाटेची पहिली एसटी धरायची, तालुक्याला उतरून जिल्ह्याची दुसरी पकडायची. रुग्णाला एकट्याला पाठवता येत नाही म्हणून आई किंवा भाऊ बरोबर. म्हणजे दोघांचा रोज बुडाला. केसपेपरची रांग, मग मनोविकार विभागाची रांग, मग डॉक्टरांसमोर पाच मिनिटं. औषध पंधरा दिवसांचं, फार तर महिन्याचं. रक्तातल्या लिथियमची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये, तिचे काही शे रुपये वेगळे. परतीची गाडी चुकली तर स्टँडवर मुक्काम. माणूस आजारी असताना हे सगळं घर निमूटपणे करतं, कारण पर्याय नसतो. तो बरा झाला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता बराय की तो. कशाला हेलपाटे?" खेपा थांबतात, गोळ्या संपतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार परत येतो. पुन्हा बसणारा हा झटका पहिल्यापेक्षा महाग पडतो.

या आजाराची खरी मेख इथेच आहे. बायपोलरचा रुग्ण बरा असतो तेव्हाच त्याला सेवेची सर्वात जास्त गरज असते आणि नेमकी तेव्हाच ती सेवा त्याला विसरते. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून आजाराची ओळख आधी करून घेऊ.

पुस्तकी मराठीत याला द्विध्रुवीय भावविकार म्हणतात. एका टोकाला उन्माद, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला मॅनिया. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा जाणवत नाही. बोलणं थांबत नाही, डोक्यात योजनांची गर्दी होते, खिशात नसलेला पैसा हातून सुटतो. सुरुवातीला घरच्यांना हा आजार वाटतच नाही. अबोल मुलगा मोकळं बोलू लागतो, पहाटे चारला उठून अंगण झाडतो, गणेश मंडळाची सगळी जबाबदारी अंगावर घेतो. लोक म्हणतात, पोरगं सुधारलं. दोन-तीन आठवड्यांनी तोच मुलगा शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो, वडिलांची मोटारसायकल मिळेल त्या किमतीला विकून येतो, आपल्याला मोठं पद मिळणार असल्याचं चावडीवर सांगत सुटतो. मग त्याच लोकांच्या लेखी त्याचं डोकं फिरलेलं असतं. दुसऱ्या टोकाला नैराश्य. तेच शरीर अंथरुणातून उठत नाही, अंघोळ नको वाटते, झालेल्या खर्चाची आणि बोलल्या-केल्याची लाज खायला उठते. या टोकाला मरणाचे विचार येतात. काहींमध्ये उन्माद सौम्य असतो, दवाखान्यापर्यंत कधीच जात नाही. अशा रुग्णाचं फक्त नैराश्यच डॉक्टरांना दिसतं.

मधला काळ महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो. त्यात बरेच जण शेती करतात, शाळेत शिकवतात, रिक्षा चालवतात, संसार करतात. ओळखीतल्या कुणाला हा आजार आहे हे तुम्हाला कळलेलं नसेल तर त्याचं कारण हा मधला काळ आहे. आजार साधारण विशीच्या आसपास सुरू होतो. पुष्कळदा पहिला झटका नैराश्याचा असतो आणि गावातला डॉक्टर झोपेची गोळी किंवा नैराश्यावरची गोळी देऊन मोकळा होतो. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती नैराश्यावरची गोळी दिली तर बायपोलरचा रुग्ण उन्मादात ढकलला जाऊ शकतो. बरोबर निदान व्हायला कित्येकांची वर्षं जातात ती अशी.

किती जण आहेत हे? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. प्रौढांपैकी सुमारे ०.३ टक्के लोकांना त्या वेळी बायपोलर विकार होता आणि त्यांपैकी जवळपास ७० टक्के उपचारांबाहेर होते, असं त्यात आढळलं. हे प्रमाण दोन लाख प्रौढांच्या एखाद्या तालुक्याला लावून पाहा. सहाशे रुग्ण, त्यांतले चारशेहून अधिक कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर नाहीत. देशभराचा वेगळ्या पद्धतीनं काढलेला अंदाज २०१७ सालासाठी ७६ लाखांचा आहे. त्याच अंदाजात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सुमारे ३५ लाख येतात. म्हणजे ज्या आजाराबद्दल आपण अधिक बोलतो त्याच्या दुपटीनं हा आहे. मनोविकारतज्ज्ञ मात्र लाख लोकांमागे एकही भरत नाही. एका अंदाजानुसार हा आकडा ०.७५ असा आहे, आणि त्यांतले बहुतेक शहरांत.

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी मिळून मंजूर खाटा ५,६९५. "याला आता ठाण्याला पाठवा" हे वाक्य आपल्याकडे शिवीसारखं वापरलं जातं, त्यामुळे त्या फाटकातून आत जायला घर शेवटच्या क्षणापर्यंत तयार नसतं. ही रुग्णालयं निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. तीव्र उन्मादातल्या, कुणाला न आवरणाऱ्या माणसाचा जीव तिथे वाचतो. पण ती संकटाच्या दिवसासाठी बांधलेली आहेत, आणि बायपोलर रुग्णाच्या आयुष्यात संकटाचे दिवस थोडे, बाकीचे दिवस खूप असतात.

उपचार माणसाच्या घराजवळ न्यायला हवेत, ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला लावलं. रुग्ण लवकर घरी परतू लागले आणि घरच्यांना आजार कळू लागला. १९७५ च्या सुमारास कर्नाटकात सकलवारा आणि हरियाणात रायपूर राणी इथे, साध्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि कर्मचारी मनोविकारांवर उपचार करू शकतात का, याचे प्रयोग झाले. ते करू शकतात, हे दिसलं. त्यावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला, बेल्लारी जिल्ह्यात त्याचा नमुना घडवला गेला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या नावानं तो देशभर पसरत गेला. मधल्या काळात, ऑगस्ट २००१ मध्ये, तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. जवळ सेवा नसली की माणसं कुठे नेऊन बांधली जातात, हे तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं.

आज जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतं. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात पथकातली एखादी जागा रिकामी असते, गाडी निवडणुकीच्या कामाला गेलेली असते, येण्याची तारीख पुढे ढकललेली रुग्णाला तिथे पोहोचल्यावर कळते. एरवी ही गैरसोय म्हणून सोडून देता येईल. लिथियम घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत चुकलेली तारीख म्हणजे तुटलेलं औषध, आणि लिथियम अचानक तुटलं तर उन्माद उसळून येण्याचा धोका असतो.

गावपातळीवरच्या मानसिक आरोग्याचे चांगले प्रयोग आपल्याकडे झाले. त्यांची दखल न घेता पुढे जाणं कृतघ्नपणाचं होईल. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मदत केली तर काय होतं, हे तपासणारा अभ्यास गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झाला. २०१४ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणं आणि अपंगत्व थोडं अधिक कमी झालं. विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 'विश्राम' प्रकल्पानं नैराश्यासाठी गावातल्याच माणसांना तयार केलं आणि उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली ती कॅनडातल्या कॅलगरीत राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं. 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचं बळ होतं. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेनं मनाच्या आजाराबद्दल मराठीत मोकळेपणानं बोलायची सवय लावली.

यात बायपोलर कुठे आहे? तो नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या दोन वाटांच्या मधल्या पट्ट्यात राहून गेला. नैराश्याच्या प्रकल्पातली ताई प्रश्नावली घेऊन येते तेव्हा तो उन्मादात असला तर त्याची सगळी उत्तरं आनंदी येतात. स्किझोफ्रेनियाच्या कार्यक्रमात त्याचं नाव टाकावं तर तो सहा महिने ठणठणीत असतो, मग त्याच्या घरी जायचं कशाला? सेवेची आखणी सतत आजारी असलेल्या माणसाला धरून झाली आहे. येऊन-जाऊन असलेल्या आजाराला धरून ती करायची असेल तर नोंदवही वेगळी लागते, फोनची वेळ वेगळी लागते, प्रश्नही वेगळे लागतात.

आता लिथियमबद्दल थोडं विस्तारानं सांगतो, कारण परवडण्याचा सगळा तिढा या एका औषधात दिसतो. १९४८-४९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना हा क्षार दिला आणि वर्षानुवर्षं न सुधारलेली माणसं शांत झाली. त्यांचा पहिला रुग्ण पुढे लिथियमच्याच विषबाधेनं दगावला. रक्तातलं प्रमाण मोजून औषध देण्याची पद्धत तेव्हा बसलेली नव्हती. डेन्मार्कच्या मॉगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून काटेकोर चाचण्या घेतल्या. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. निसर्गात मिळणाऱ्या साध्या क्षारावर कुणाचं पेटंट नाही, म्हणून त्याची जाहिरात करायला कुणी पुढे येत नाही. स्वस्त असण्याचा हाही एक तोटा.

लिथियमचा गुण आणि विष यांतलं अंतर फार कमी आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तात ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असावं लागतं. दीडच्या वर गेलं की हातांची जोरात थरथर, उलट्या, जुलाब, अडखळतं बोलणं, तोल जाणं अशी विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. म्हणून तपासणी हवी. थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही साधारण सहा महिन्यांनी हवी. गोळी दोन रुपयांची आणि तिला सांभाळणारी तपासणी काही शे रुपयांची, तीही बहुतेक तालुक्यांत होत नाही. नमुना मोठ्या शहरात जातो. परिणामी तालुक्याच्या ठिकाणचा सावध डॉक्टर लिथियम लिहायचंच टाळतो आणि महागडं, कधी कमी उपयोगाचं औषध देतो. त्याला दोष देणं सोपं आहे. तपासणीची सोय नसताना मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

या औषधाचं आपल्या हवामानाशी आणि आपल्या कामांशीही नातं आहे. घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. मे महिन्यात मराठवाड्यातल्या रानात दिवसभर राबणारा माणूस, निर्जळी उपास करणारी बाई, जुलाब लागलेला कुणीही धोक्यात येतो. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी ते आणखी वाढतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचं उदाहरण घ्या. नवरा-बायकोची जोडी दिवाळीच्या सुमारास निघते, कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात पोहोचते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे दवाखान्याला गेलं तर खाडा पडतो आणि तोही दोघांचा. नवरा लिथियमवर असेल तर त्याची नोंद बीडच्या कागदावर राहते आणि तो तीन जिल्हे पलीकडे उन्हात ऊस तोडत असतो. कंबर दुखली की टपरीवरची डायक्लोफिनॅक, गोळ्या संपल्या की काहीच नाही. एकाच हंगामात विषबाधा आणि औषध तुटणं असे दोन्ही धोके त्याच्या वाट्याला येतात.

यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. क्षयरोगाचा रुग्ण गोळ्या न्यायला आला नाही तर आपली यंत्रणा त्याच्या दारात जाते. एचआयव्हीच्या रुग्णाला एका जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रातून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात रीतसर बदली घेता येते. औषध न चुकता, वर्षानुवर्षं, स्थलांतर करणाऱ्या गरीब माणसापर्यंत पोहोचवायची कला या राज्याला येते. मनाच्या आजारासाठी ती वापरायची ठरवलेलं नाही, एवढंच.

झोपेचं प्रकरण पुस्तकात मोठं आहे आणि ते तसंच असायला हवं. उन्मादाची सर्वात आधी दिसणारी खूण बहुतेकदा झोप कमी होणं ही असते. झोप मोडणं हे उन्मादाचं कारणही ठरतं. एमआयडीसीतली बदलती रात्रपाळी, लग्नातलं जागरण-गोंधळ, नवरात्रातल्या रात्री, वारीच्या वाटेवरची अर्धवट झोप. श्रद्धा सोडा असं इथे कुणी म्हणत नाही. पण कारखान्याच्या डॉक्टरनं 'रात्रपाळी नको' असा एक कागद दिला तर एक झटका टळू शकतो, आणि त्या कागदाला एक पैसाही लागत नाही.

बाळंतपणाचं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. बायपोलर असलेल्या बाईला प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आजार उलटण्याचा धोका फार मोठा असतो. कधी भ्रम, भास होण्यापर्यंत गोष्ट जाते. नेमकी तेव्हा ती माहेरी असते आणि गोळ्यांची चिठ्ठी सासरच्या कपाटात. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक आहे हे तिला कुणी आधी सांगितलेलं नसतं, किंवा दिवस गेल्याचं कळताच सासूनं सगळीच औषधं बंद केलेली असतात. आपली आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या प्रत्येक बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, नाळ बघते. त्या सहा भेटींत "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" हा एक प्रश्न वाढवायचा आहे. बाळ शांत झोपलंय आणि आई सलग तीन रात्री जागी, उत्साहात घर आवरतेय, हे ऐकल्यावर तिनं कुणाला फोन करायचा, तेवढं ठरलेलं हवं. आशाताईच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा, हे मान्य करूनच हे लिहितोय. नवं काम लादायचं असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

आजार शिकवण्याचे वर्ग हा या पुस्तकाचा गाभा आहे. बार्सिलोनात फ्रान्सेस्क कोलोम आणि एदुआर्द व्हिएता यांनी बऱ्या अवस्थेतल्या १२० रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांनी आठवड्याला एक अशा २१ बैठकांत आपला आजार समजून घेतला: आपली पहिली खूण कोणती, औषध का, झोप कशी सांभाळायची. दुसऱ्या निम्म्यांनी तेवढाच वेळ नुसत्या गप्पांच्या गटात घालवला. शिकलेल्यांचा आजार कमी वेळा उलटला, आणि हा फरक पाच वर्षांनीही टिकून होता. पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात एकमेकांना आधार देणाऱ्या साध्या गटापेक्षा शिकवणीचा वर्ग एकंदरीत सरस ठरला नाही. मात्र ज्यांना आजवर थोडेच झटके आले होते त्यांना वर्गाचा फायदा अधिक झाला. म्हणजे वर्ग लवकर भरवायचा, पाच-दहा झटके होऊन गेल्यावर नव्हे. आणि वर्ग शक्यच नसेल तर निदान माणसं एकत्र बसवायची. ग्रामीण रुग्णालयातली खोली, महिन्यातून एक बाजारचा दिवस, प्रशिक्षित परिचारिका आणि हा आजार स्वतः जगलेला एखादा माणूस एवढ्यावर ते होतं. बाजारच्या दिवशी लोक तालुक्याला येतातच, वेगळं भाडं पडत नाही.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. उन्मादात माणूस सोनं गहाण टाकतो, भिशीचे पैसे उधळतो, मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढतो, जमिनीचा व्यवहार करून बसतो. झटका ओसरतो, हप्ते राहतात आणि त्या हप्त्यांच्या ओझ्याखाली पुढचं नैराश्य सुरू होतं. एरवी शहाणा असलेल्या माणसाला वेडाच्या भरात असताना करार करता येत नाही, असं भारतीय करार कायद्याचं बारावं कलम १८७२ पासून सांगतं. पण ते कोर्टात सिद्ध करणं गरिबाच्या आवाक्यातलं नाही. त्यापेक्षा बऱ्या दिवसांत घरात बसून ठरवलेलं बरं: एटीएम कार्ड कुणाकडे राहील, ठरावीक रकमेपुढचा खर्च कुणाला विचारून होईल, कुठली खूण दिसल्यावर हे लागू होईल. रुग्णानं स्वतः ठरवलेली आणि त्याच्या अक्षरात लिहिलेली अशी यादी भांडणाच्या वेळी जेवढी उपयोगी पडते, तेवढी भावाची दमदाटी पडत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातली आगाऊ निर्देशाची तरतूद तर जणू याच आजारासाठी लिहिली आहे. शुद्धीवर असलेला प्रौढ माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे आपली निर्णयक्षमता गेली तर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं. तातडीच्या उपचारांना ती लागू नाही. बायपोलरच्या रुग्णाला बरे दिवस असतात आणि आपल्या मागच्या झटक्यात काय उपयोगी पडलं, कशानं त्रास झाला, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तरीही मनोविकारांच्या ओपीडीत वर्षानुवर्षं येणाऱ्या किती कुटुंबांनी या कागदाचं नाव ऐकलंय, हे विचारून पाहा. विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवायचं, हेही याच कायद्यात आहे.

भगत-देवर्षींवर पुस्तकात फक्त दोन पानं आहेत. मला तेवढीच पुरेशी वाटतात. लोक तिकडे जातात कारण भगत गावात आहे, रात्री दार उघडतो आणि घरच्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतो. या तीन गोष्टी आपल्या दवाखान्यांनी केल्या तर त्याचं गिऱ्हाईक आपोआप घटेल. मात्र बाधा उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिथे समजुतीची भाषा नको.

हे पुस्तक कुणी एकट्यानं एका बैठकीत वाचावं असं नाही. रुग्णानं झोपेचं आणि खुणांचं प्रकरण घरच्यांबरोबर वाचावं. आशाताईनं आणि परिचारिकेनं लिथियमचं प्रकरण हाताशी ठेवावं. घरच्यांनी मरणाच्या विचारांबद्दलचं प्रकरण वेळ येण्याआधी वाचून ठेवावं. कुणी असं बोललं तर घाबरून विषय बदलू नका, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. यातलं काहीही वाचून स्वतःच्या मनानं गोळी कमी-जास्त करू नका.

शेवटी एक विनंती. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं ग्रामीण रुग्णालय आणि त्याहून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम फुकट मिळाली पाहिजेत, असं मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचं अठरावं कलम सांगतं. "लिथियम शिल्लक नाही" असं उत्तर मिळालं तर त्या दिवशीची गोळी बाहेरून विकत घ्या, ती चुकवू नका. पण निघण्यापूर्वी केसपेपरवर 'औषध उपलब्ध नाही' असं तारीख आणि सहीसह लिहून मागा, दुकानाचं बिल जपून ठेवा आणि दोन्हींच्या प्रती जोडून वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या. त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.